पटावरचे आणि पटाबाहेरचे : स्मृतिपदकांच्या वादाची पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट १९७२ या दिवशी जो जवान पटावर होता, त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक मिळाले. त्या दिवशी तो सरहद्दीवर उभा होता की बेळगावच्या कॅम्पात भांडारातली घोंगडी मोजत होता, हे कुणी विचारले नाही. विचारायचे कारणही नव्हते. १९४७ चे स्वातंत्र्यपदक, १९७२ चे, १९९७ चे पन्नाशीचे आणि २०२२ चे पंचाहत्तरीचे, ही चारही पदके शौर्याची नाहीत, हजेरीची आहेत. राष्ट्राच्या आयुष्यातल्या एका ठरावीक दिवशी हा माणूस सेवेत होता, एवढेच ती सांगतात. त्यामुळे पोलिसांच्या मदतीला येणाऱ्या होमगार्डसारख्या स्वयंसेवकाला असे पदक मिळावे का, हा प्रश्न केवळ मानापानाचा राहत नाही. सेवेत असणे म्हणजे नेमके काय, तिथे तो जाऊन अडतो.

सीमाभागात हा विषय निघाला की आवाज लवकर चढतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात. खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लजच्या पट्ट्यात फौजी नसलेली भावकी शोधावी लागते, आणि त्याच भावकीत एखादा होमगार्डही असतो. आमच्या घरी माळ्यावर एक हिरवी ट्रंक आहे. थोरले काका पलटणीत होते, धाकटे काका होमगार्डमध्ये. ट्रंकेत थोरल्यांचे १९७२ चे पदक आहे. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले आहे, फीत एका बाजूने विरली आहे. त्याच कप्प्यात धाकट्यांची शिट्टी आहे. तिची दोरी काकूने दोनदा नव्याने विणली. विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावाच्या काठावर, शिवजयंतीच्या चित्ररथांपुढे, यल्लम्माच्या यात्रेत ती शिट्टी वर्षानुवर्षे वाजली. तिच्यावर कुणाचे नाव नाही. ही गोष्ट थोरल्या काकांनाच जास्त लागायची.

स्वयंसेवकाला पदक देणे इंग्रज सरकारला अवघड वाटले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या व्हॉलंटियर पलटणींसाठी दीर्घ सेवेचे वेगळे पदकच होते. आपल्या भागातून जाणाऱ्या सदर्न मराठा रेल्वेचीही अशी रायफल व्हॉलंटियर तुकडी होती. मात्र या पलटणींत भरती होती ती मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मंडळींची. १९२० मध्ये त्यांच्यासाठी ऑक्झिलरी फोर्स आणि हिंदी माणसांसाठी टेरिटोरियल फोर्स अशी सरळ विभागणी झाली. म्हणजे स्वयंसेवक पदकाला पात्र ठरतो हे तत्त्व जुनेच. कोणता स्वयंसेवक, हे मात्र प्रत्येक काळाने आपापल्या सोयीने ठरवले.

लोकांच्या तोंडी स्वयंसेवक हा शब्द रुळला तो वेगळ्या अर्थाने. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, विजयनगर नावाची छावणी उभी राहिली, पाण्यासाठी विहीर खणली गेली. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे हे एकमेव अधिवेशन. पाणी, सफाई, पाहुण्यांची उतरण्याची सोय हे सगळे स्वयंसेवकांनी सांभाळले. तेव्हापासून आपल्याकडे स्वयंसेवक म्हणजे मोबदला न घेता राबणारा. सरकारी कागदात पुढे हाच शब्द वेगळ्या माणसासाठी वापरला गेला आणि आजचा गुंता तिथून सुरू झाला.

गोव्याच्या लढ्यात हा फरक उघड दिसला. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगीज हद्दीत शिरले, त्यांत बेळगावकडचेही होते. काहींनी गोळ्या झेलल्या. सहा वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, फौजेची जमवाजमव बेळगावातच झाली आणि इथून ती गोव्यात उतरली. सैनिकांच्या सामान्य सेवा पदकावर ‘गोवा १९६१’ अशी पट्टी चढली. सत्याग्रहींचा विचार निवृत्तिवेतनाच्या वाटेने, पुढे बऱ्याच काळाने झाला. एकाच भूमीसाठी गेलेल्या दोघांपैकी एकाची नोंद पदकात झाली आणि दुसऱ्याची अर्जात.

१९७२ मध्ये हेच पुन्हा घडले. गणवेशधाऱ्यांना पदक, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट आणि निवृत्तिवेतन. निवृत्तिवेतनासाठी किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास दाखवावा लागे; स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट पुढे तीन महिन्यांवर आली. हिंडलग्याच्या तुरुंगातला दाखला ज्याच्या हाती होता त्याचे काम सोपे झाले. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, गोठ्यात माणसे लपवणाऱ्या बायाबापड्यांकडे दाखला कुठून असणार? तरी त्या योजनेत एक सोय होती. तुरुंगाची कागदपत्रे मिळत नसतील तर सोबतच्या कैद्यांची साक्ष चालत असे. ही सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता त्या गुंतलेल्या शब्दाकडे येऊ, कारण सगळा वाद त्याच्यावरच उभा आहे.

होमगार्ड, म्हणजे गृहरक्षक दल, डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात जन्मले. दंगलीच्या काळात पोलिसांना नागरिकांची मदत, हा हेतू होता. १९४७ चा मुंबईचा कायदा त्याच्या पाठीशी आला. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला. म्हैसूरने आपला होमगार्ड कायदा १९६२ मध्ये केला आणि त्याच वर्षी चीनच्या आक्रमणानंतर केंद्राने सगळ्या राज्यांना आपापली स्वयंसेवी दले एकाच नावाखाली आणायला सांगितले. मुंबई प्रांताच्या हाकेला ओ देऊन खाकी घातलेला इथला माणूस काही वर्षांत दुसऱ्या राज्याच्या कायद्याखाली आणि दुसऱ्या भाषेतल्या हजेरीपटावर आला. त्याचे गाव, त्याचा नाका, त्याचे काम तेच राहिले.

दलाचे ब्रीद ‘निष्काम सेवा’. कायद्याच्या भाषेत तो स्वयंसेवक. पण त्याला कवायत सक्तीची, बोलावले की हजर राहणे सक्तीचे, गणवेश सरकारी, कामावर असताना अधिकार जवळपास पोलिसाचे. पगार नाही, दिवसाचा कर्तव्यभत्ता आहे. बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा रस्त्यावर पोलिसाशेजारी होमगार्ड उभा असतो. थंडी दोघांना सारखीच वाजते.

आम्हाला नोकरीत कायम करा, अशी मागणी अनेक राज्यांतल्या होमगार्डांनी वर्षानुवर्षे केली. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातल्या प्रकरणात निकाल दिला. हे स्वयंसेवक आहेत, नियमित कर्मचारी नाहीत, म्हणून कायम करता येणार नाही. पण भत्ता असा द्यावा की महिनाभर काम केल्यास पोलिसाच्या किमान वेतनाइतकी रक्कम हाती पडावी. कायद्याच्या चौकटीत हा निकाल न्याय्य होता आणि अनेक घरांत त्याने चूल नीट पेटली. पण शब्दाची गाठ त्याने अधिक घट्ट केली. काम पोलिसाचे, मोबदला पोलिसाच्या बरोबरीचा, आणि नाव स्वयंसेवकाचे.

माझे मत असे की इथे राज्यसंस्थेने एकाच शब्दाचे दोन अर्थ हाताशी ठेवले आहेत. माणूस कायम नोकरी मागतो तेव्हा त्याला ‘तू स्वेच्छेने आलास’ असे सांगितले जाते. तो आठवणीत जागा मागतो तेव्हा ‘तू पूर्णवेळ सेवेत कुठे होतास’ असे विचारले जाते. स्वेच्छेने येणे हा पहिल्या वेळी नियम असेल तर दुसऱ्या वेळी तो उणेपणा ठरू नये.

प्रादेशिक सेनेशी, म्हणजे टेरिटोरियल आर्मीशी, तुलना केली की हे स्पष्ट होते. १९४९ पासून उभी असलेली ही सेनाही स्वेच्छेने येणाऱ्या, एरवी आपापला धंदा करणाऱ्या नागरिकांचीच. पण तिला १९५२ पासून स्वतःची पदके आहेत आणि सेवा किती वर्षांची, वार्षिक प्रशिक्षणे किती, हे मोजायची रीत ठरलेली आहे. अर्धवेळ सेवा मोजता येत नाही, हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. मोजायचे ठरवले की मोजता येते.

विरोधी बाजू पोकळ नाही. होमगार्ड आणि नागरी संरक्षण दलासाठी राष्ट्रपती पदके पूर्वीपासून होती; २०२४ च्या फेररचनेत ती पोलीस आणि अग्निशमन दलाच्या पदकांबरोबर चार नावांखाली एकत्र आली. मग आणखी काय हवे, असे विचारले जाते. याचे उत्तर वर आलेच आहे. ती पदके निवडक कामगिरीची आहेत, हजेरीची नव्हेत. दुसरा आक्षेप फौजी घरांतूनच येतो आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. पदक वाटेल त्याला मिळू लागले तर ते स्वस्त होईल. याद्या गल्लीतले पुढारी करतील. ज्याने एकदा बिल्ला लावून रांग आवरली तोही छाती पुढे करील. ही भीती अनाठायी नाही. पण तिचा इलाज कसोटी कडक करणे हा आहे. ब्रिटनने २०२२ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यकाळाच्या सत्तरीनिमित्त काढलेल्या पदकासाठी आपत्कालीन सेवांत प्रत्यक्ष धावून जाणाऱ्यांकडून पूर्ण पाच वर्षे सेवा मागितली, आणि ती पगारी असो वा स्वयंसेवी, दोन्ही सारखीच धरली.

घटनेचा अडसरही काही जण पुढे करतात. अनुच्छेद १८ प्रमाणे लष्करी आणि शैक्षणिक सन्मान वगळता राज्याने किताब द्यायचे नाहीत. जनता राजवटीत पद्म पुरस्कार बंदही झाले होते. मात्र डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरी पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत असे स्पष्ट केले. नावापुढे किंवा मागे ते लावायचे नाहीत, इतकीच अट. तिथे हा मुद्दा संपला.

होमगार्डचा निदान पट तरी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय एकाच वेळी फुगल्या. गोकाकची बाजारपेठ पाण्याखाली गेली, खानापूर, चिकोडी, अथणी, रामदुर्गकडे गावे तुटली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. होड्या कमी पडल्या की नदीकाठच्या गावांत गुऱ्हाळावरची काहिल, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, पाण्यात सोडतात. बसायला नीट जागा नसते, लोखंडाला पकड नसते, वल्ह्याऐवजी बांबू असतो. एकजण काहिलीत म्हातारीला धरून बसतो, दोघे गळ्याएवढ्या पाण्यातून कड धरून ढकलत नेतात. पाणी ओसरल्यावर काहिल घासून परत चुलवाणावर चढते आणि ढकलणारे उसाच्या फडात परततात. केंद्राच्या आपदा मित्र योजनेने जिल्ह्याजिल्ह्यांत स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली आहे, त्यामुळे पुढच्या पिढीतल्या काहींची नावे कुठेतरी लिहिलेली असतील. काहीलवाल्यांची नाहीत.

पूर्वीच्या अंतरांनी गेले तर पुढचे मोठे स्मृतिपदक २०४७ चे असेल. त्याची पात्रता आज कुणी लिहायला घेतली तर पाच वर्षांची अट, होमगार्डचा हजेरीपट आणि आपदा मित्रांची यादी इतके साहित्य हाताशी आहे. उरलेल्यांसाठी १९७२ ची सोय आहेच: सोबत असलेल्या दोघांची साक्ष. काहीलीच्या दुसऱ्या कडेला कोण होता, हे गावात सगळ्यांना माहीत असते.