कातळ, जांभा आणि पूररेषा : कोल्हापुरातल्या भूशास्त्र-पर्यावरण शिक्षणाची पार्श्वभूमी

बारावीनंतर भूशास्त्र घ्यायचं म्हटलं, की घरात पहिला प्रश्न येतो, "ते शिकून करणार काय?" पर्यावरणशास्त्र म्हटलं तर, "तो सक्तीचा पेपर असतो, तोच ना?" दोन्ही प्रश्नांमागे जुना इतिहास आहे. पहिला विषय आपल्याकडे खनिजांच्या शोधातून आला आणि दुसरा बहुतेकांपर्यंत पोहोचला तो न्यायालयाच्या आदेशामुळे. पायाखालचा दगड आणि दारात येणारं पाणी समजून घ्यायचं म्हणून यातला एकही विषय रुजला नाही. पदवीच्या वर्गात ते आजही एकमेकांपासून लांब आहेत, त्याचं मूळ मला इथं दिसतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना 1851 ची. थॉमस ओल्डहॅम त्याचे पहिले प्रमुख. सरकारला हवा होता कोळसा. त्याच खात्यातल्या रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दक्षिण महाराष्ट्र पायाखाली घातला आणि 1876 मध्ये 'दक्षिण मराठा मुलुखा'च्या भूरचनेवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे काळ्या बेसॉल्टचा. दक्षिणेकडे मात्र या थरांखालून कलादगी नावाच्या खडकगटाचे कितीतरी जुने वालुकाश्म आणि क्वार्टझाइट (वालुकाश्म बदलून झालेला कठीण खडक) डोकं वर काढतात. हे ज्ञान कलकत्त्याला छापलं गेलं, इंग्रजीत राहिलं. कोल्हापुरातलं राजाराम कॉलेज 1880 मध्ये सुरू झालं. योगायोग असा, की त्याच वर्षी प्रमथनाथ बोस सर्वेक्षणात वरच्या श्रेणीचे अधिकारी म्हणून रुजू झाले. तिथपर्यंत पोहोचलेले ते सुरुवातीच्या भारतीयांपैकी. दगड वाचण्याचं रीतसर शिक्षण तेव्हा आपल्या लोकांसाठी किती नवं होतं, ते यावरून कळतं.

दगडाची जाण मात्र इथं कॉलेजच्या कितीतरी आधीची. अंबाबाईचं देऊळ आणि खिद्रापूरचा कोपेश्वर काळ्या पाषाणात उभे आहेत. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड आहे. तो हवेवर आला की घट्ट होतो, हे पाथरवटाला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं, तेव्हा पक्का कातळ कुठं लागतो हा प्रश्न राज्यकारभाराचाच झाला. पुढं देशभर 'कोल्हापूर पद्धतीचा' म्हणून ओळखला गेलेला बंधारा याच नद्यांवरचा. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, काढायचे, पाऊस सरला की बसवायचे. गाळ आणि पूर वाहून जाऊ द्यायचा आणि उन्हाळ्यासाठी पाणी अडवायचं, असं त्याचं साधं तंत्र. माझ्या मते भूशास्त्र आणि पर्यावरण एकत्र शिकवायचं तर पहिला तास या बंधाऱ्यावरच घ्यायला हवा.

शिवाजी विद्यापीठ 18 नोव्हेंबर 1962 ला स्थापन झालं. पाचच वर्षांनी, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता 6 हून अधिक होती. दख्खनचं पठार स्थिर आहे ही समजूत त्या पहाटे मोडली आणि धरणाच्या पाणीसाठ्यानं भूकंप होऊ शकतो का, याच्या अभ्यासाला जगभर वेग आला. हा अभ्यास अजून संपलेला नाही. कोयना परिसरात घेतलेल्या सुमारे तीन किलोमीटर खोल विवरात सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. आपण कशावर उभे आहोत, ते तेव्हा हातात आलं.

पर्यावरणाची वाट निराळी. 1972 ची पर्यावरणावरची स्टॉकहोम परिषद, 1974 चा जलप्रदूषण कायदा, भोपाळ वायुदुर्घटनेनंतरचा 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा, हे टप्पे परिचित आहेत. शिक्षणाला वळण मिळालं ते वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेमुळे. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शिकवण्याचा आदेश दिला. अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून 2003 मध्ये पुन्हा बजावलं. मग विद्यापीठ अनुदान आयोगानं सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात लेखी परीक्षेला 75 गुण होते आणि क्षेत्रभेटीला 25. ते 25 गुणच त्याचा जीव होते. पण हजारो विद्यार्थी आणि मोजके प्रशिक्षित शिक्षक, अशा स्थितीत क्षेत्रभेट अनेक ठिकाणी लिहून काढलेल्या प्रकल्पवहीपुरती उरली. याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र अधिविभाग आहे, पण पदवीच्या मुलाची या विषयाशी ओळख होते ती त्या वहीतून.

आणि क्षेत्र तर दाराशी आहे. राधानगरी, शाहूवाडीकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, जांभ्यातच बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचं खनिज सापडतं. हा सच्छिद्र थर पावसाचं पाणी मुरवतो आणि खालच्या कठीण थराला लागलं की ते झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. तो खणून काढला तर झऱ्याचं काय होईल, हा प्रश्न भूशास्त्राचा की पर्यावरणाचा? 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, त्यात राधानगरी अभयारण्यही आहे. तरीही हा प्रश्न कुठल्या पेपरात घालायचा ते ठरत नाही.

पुराचंही तसंच. गगनबावड्यासारख्या घाटमाथ्यावर कोसळलेलं पाणी उतारानं झपाट्यानं येतं. प्रयाग चिखलीला नद्या एकत्र होऊन पंचगंगा होते, पुढं पात्र सपाट होतं आणि वेग मंदावतो. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं कृष्णा आधीच भरलेली असेल तर पंचगंगेचं पाणी मागं फुगतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं आणि पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती हद्द, हा शब्द भाजीमंडईत ऐकू येऊ लागला.

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पावसाळ्यात दक्षिणद्वार सोहळा होतो. पुराचं पाणी गाभाऱ्यात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. भाविक तिथं स्नान करतात. कुठल्या साली कोणत्या तारखेला पाणी चढलं आणि किती वेळा, याच्या नोंदी ओळीनं मांडल्या तर संगमाचा इतिहास हाती येईल. पदवीच्या एखाद्या मुलीनं वा मुलानं क्षेत्रभेट म्हणून एवढंच काम करावं.