इराणी हॉटेल

मुंबई आणि पुण्यात इराणहून आलेल्या कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालवलेली चहा, पाव, अंडी आणि खिम्याची उपाहारगृहे. नावात हॉटेल असले तरी राहण्याची सोय नसते. बोलताना तर हॉटेल हा शब्दही गळतो; ‘इराण्याकडे बसलो होतो’ एवढे म्हटले की पुरते. त्या वाक्यातले क्रियापद ध्यानात घेण्याजोगे आहे. उडप्याकडे माणूस खातो, खाणावळीत जेवतो, इराण्याकडे मात्र बसतो. हैदराबाद आणि कराचीतही इराणी चहाची परंपरा आहे, पण तिथला चहा निराळा, त्यासोबतची बिस्किटेही निराळी. ही नोंद मुंबई-पुण्यापुरती आहे.

पारशी आणि इराणी यांची गल्लत हमखास होते. दोघे जरथुष्ट्री खरे, पण पारशी हजारेक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागले, तर इराणी म्हणवले जाणारे लोक एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात आले, मुख्यतः यझ्द आणि केरमान या कोरड्या मुलखांतून. तिथे जरथुष्ट्र्यांना जिझिया भरावा लागे. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये पाठवलेल्या मानेकजी लिमजी हातारिया यांच्या खटपटीने तो १८८२ मध्ये रद्द झाला. मधल्या काळात, १८७० ते १८७२ या वर्षांत, मोठा दुष्काळ पडून गेला होता. मुंबईत उतरलेल्यांपैकी अनेकांनी आधी पारशांच्या घरी नोकऱ्या केल्या. संध्याकाळी हे गाववाले एकत्र जमत, त्यातल्या एकाने चहा करून त्याचे पैसे घेतले आणि तिथून धंदा सुरू झाला, अशी कथा जुने मालक सांगत. कथा सोयीची आहे, पण अशक्य नाही. शिया मुसलमान इराण्यांनीही दोन्ही शहरांत हॉटेले काढली. गल्ल्यामागे जरथुष्ट्राची तसबीर दिसली नाही म्हणून ते हॉटेल इराण्याचे नव्हे, असे समजू नये.

जागा बहुधा चौकातल्या कोपऱ्याची. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सगळीकडे सांगितले जाते. त्यात तथ्य असेलही. पण दोन रस्त्यांकडे उघडी दारे, दोन्हींकडून येणारे गिऱ्हाईक आणि भरपूर उजेड-वारा यांचा फायदा ओळखायला शुभाशुभाची गरज नव्हती. आत उंच छत, संगमरवरी टेबले, आणि लाकूड वाफेवर मऊ करून वाकवलेल्या, वेताच्या बैठकीच्या काळपट खुर्च्या. त्या युरोपातून येत. भिंतींना मोठाले आरसे. त्यांनी जागा दुप्पट दिसे आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला पाठीमागचे टेबलही दिसे. काउंटरवर काचेच्या बरण्यांत खारी, नानखटाई, बिस्किटे. बाजूला साबण, ब्लेड, टूथपेस्ट, अंडी, स्लाइस ब्रेड असे किरकोळ सामान. पुष्कळ इराणी अर्धे हॉटेल आणि अर्धे स्टोअर असत. कुटुंबासोबत आलेल्यांसाठी पडदा किंवा दार लावलेली ‘फॅमिली रूम’ असे. तिचा उपयोग कुटुंबांपेक्षा कॉलेजातल्या जोडप्यांना जास्त झाला, हे सगळ्यांना ठाऊक होते, मालकालाही.

बिल कागदावर क्वचितच मिळे. गिऱ्हाईक उठून दाराकडे निघाले की पोऱ्या मागून ओरडून आकडा सांगे, सोबत ओळख पटण्यापुरती एखादी खूण: चष्मेवाला, टोपीवाला, पीछे दो आदमी. चारचौघांत आपण किती खाल्ले हे असे जाहीर होई आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे.

पाट्या हा इराण्याचा आणखी एक विशेष. जास्त वेळ बसू नये, आरशासमोर केस विंचरू नयेत, उधार मागू नये, बाहेरचे खाणे आणू नये. निसिम इझिकेल यांनी धोबी तलावच्या बस्तानी या इराण्यातल्या अशा सूचनांवरून इंग्रजीत कविताच केली. गंमत अशी की जास्त वेळ बसू नये ही पाटी जिथे टांगलेली, तिथेच एका कपावर लोक दोन-दोन तास बसत. पाटी बहुधा मवाल्यांसाठी आणि शेजारच्या पोरांसाठी असावी. नेहमीच्या गिऱ्हाइकाने ती वाचायची नसते, असा अलिखित करार होता.

खाण्याच्या यादीत पहिला मान ब्रून मस्क्याचा. ब्रून म्हणजे कडक कवचाचा गोल पाव. लादी पाव एकमेकांना चिकटून भाजले जातात म्हणून बाजूंनी मऊ राहतात, ब्रून सुटा भाजतात, त्यामुळे त्याला चहूबाजूंनी कवच धरते. सुरी घातली की खर्रकन आवाज येतो आणि टेबलावर चुरा पडतो. मधोमध चिरून दोन्ही फाकांना लोण्याचा जाड थर लावतात, पुन्हा जोडतात आणि चार तुकडे करून बशीत देतात. हा तुकडा नुसता खाल्ला तर टाळू सोलवटते. तो चहात बुडवायचा, पण किती वेळ हे सवयीने कळते. लवकर काढला तर कवच तसेच, उशीर झाला तर निम्मा तुकडा कपाच्या तळाशी. बरोबर जमला की आतला लोण्याचा थर नुकता वितळू लागलेला असतो आणि चहावर पिवळे थेंब तरंगतात. तो तेलकट चहा शेवटी बशीत ओतून प्यायचा. बन मस्का हा मऊ, किंचित गोड, कधी मनुका घातलेला भाऊ; दात गेलेल्यांसाठी आणि लहान मुलांसाठी ठीक.

चहा दाट, गोड आणि दूध भरपूर. पाणी कमी घालून केलेला, त्याहून घट्ट चहा हवा असेल तर ‘पानी कम’ सांगायचे. या चहाची भलामण जरा जास्तच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो ब्रूनसाठी केलेला चहा आहे, एकटा प्यायला तर दुसऱ्या घोटालाच गोडीने तोंड मिटते.

खारट बाजूला खिमा-पाव, त्यात अंडे फोडून ढवळलेला खिमा घोटाला, डबल ऑमलेट, पारशी वळणाची आकुरी, म्हणजे मसाला घालून ढवळलेली अंडी. गोडात मावा केक आणि कॅरॅमल कस्टर्ड. मावा केकसाठी ग्रँट रोड स्टेशनासमोरच्या, १९१४ मध्ये सुरू झालेल्या बी. मेरवानचे नाव आधी निघते. सकाळच्या लोकल पकडणारे लोक तिथला केक कागदात गुंडाळून डब्यात चढत. थंड पेयांत लालभडक रास्पबेरी. ती बनवणाऱ्यांपैकी पालनजींचा सोडा १८६५ पासूनचा, तर ड्यूक्स १८८९ मधली कंपनी. ती १९९४ मध्ये पेप्सीने घेतली.

बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा (१९२३) बेरी पुलाव हे मात्र वेगळे प्रकरण आहे. इराणमधला झेरेश्क पोलो हा सौम्य भात. त्याला मुंबईत मसाला आणि तळलेला कांदा मिळाला, वरच्या आंबट लाल बेऱ्या इराणच्याच राहिल्या. ब्रिटानियाचे मालक बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेत आणि ब्रिटिश राजघराण्याविषयीचे प्रेम ऐकवत. २०१६ च्या मुंबई भेटीत विल्यम आणि केट यांची भेटही त्यांना मिळाली. ते २०१९ मध्ये वारले. पुलाव उत्तम आहेच, पण ब्रिटानिया हे दुपारच्या जेवणाचे ठिकाण. इराण्याकडे बसण्याची जी रीत, ती तिथे शोधू नये.

हॉटेलांची नावे दोन तऱ्हांची. काही मागे वळून पाहणारी. कयानी आणि ससानियन ही इराणच्या प्राचीन राजवंशांची नावे, त्यांतला पहिला पुराणकथेतला. बस्तानी म्हणजे पुरातन, यझ्दानीत यझ्दान म्हणजे ईश्वर आणि पुण्याच्या व्होहुमनमध्ये जरथुष्ट्री धर्मातले ‘सद्बुद्धी’ हे तत्त्व. काही नावे नव्या देशातल्या नशिबाकडे किंवा साहेबाकडे पाहणारी: गुडलक, लकी, ब्रिटानिया, एक्सेलसिअर, मिलिटरी.

मुंबईत धोबी तलावचा परिसर हे या हॉटेलांचे माहेरघर. मेट्रो सिनेमासमोरचे कयानी १९०४ चे, जवळचे ससानियन १९१३ चे. कयानीच्या समोरच बस्तानी होते. दोन्हींची गिऱ्हाइके वाटून घेतलेली असत, आणि कयानीवाला बस्तानीत दिसला तर त्याला कारण विचारले जाई. बस्तानी या शतकाच्या आरंभी बंद पडले. तिथल्या पंख्यांखाली तासन्‌तास बसलेली पिढी आजही कयानीत बसून बस्तानीची आठवण काढते. समोरच्या हॉटेलात बसून गेलेल्या हॉटेलाचे गुण गाणे हा आता त्या टेबलांवरचा नेहमीचा विषय झाला आहे. मलबार हिलवरचे नाझ गेले. तिथला चहा बेताचा होता, पण खाली पसरलेली चौपाटी फुकट होती. माटुंग्याचे कूलर (१९३२) आणि फोर्टमधले मिलिटरी (१९३३) ही जुन्यांपैकी आणखी दोन नावे. कुलाब्यातल्या लिओपोल्ड (१८७१) आणि मोंडेगार (१९३२) या दोघांनी बिअर आणि पर्यटकांचा मार्ग धरला. मोंडेगारच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रे आहेत, तर लिओपोल्डच्या भिंतीवर २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा.

या हॉटेलांचे सामाजिक काम मोठे होते. पाव खाल्ला की बाटला, असे मानणाऱ्या घरांतली मुले पहिले ऑमलेट इराण्याकडेच चोरून खात. जातवार पंगतींच्या आणि पाणी वरून ओतण्याच्या काळात इराण्याच्या संगमरवरावर कोणीही बसावे आणि पैसे टाकून तोच चहा घ्यावा, ही सोय थोडी नव्हे. लालबाग-परळच्या इराण्यांत पाळी सुटलेले गिरणी कामगार बसत, फोर्टात कारकून आणि वकील, व्हीटीच्या आसपास पत्रकार. एकच वर्तमानपत्र पानापानाने सुटे होऊन पाच टेबलांवर फिरे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या इराण्यांचे हे गिऱ्हाईकच गेले.

हॉटेले का बंद पडली, याची उत्तरे ठरलेली असतात: मुले परदेशी गेली, भागीदारांत बिनसले, उडपी आले. तिन्ही खरी आहेत. उडप्याकडे, उदाहरणार्थ १९४२ पासूनच्या माटुंग्याच्या रामा नायकांच्या बोर्डिंगात, जेवणारा उठेपर्यंत पुढचा पाठीशी उभा असतो. धंद्याचे ते गणित जास्त पक्के. पण मूळ कारण भाड्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. कोपऱ्यावरच्या प्रशस्त जागेला नाममात्र भाडे, म्हणून एका कपावर दोन तास बसलेला माणूस मालकाला परवडत होता. ज्याला आपण इराण्याचा दिलदारपणा म्हणतो त्यातला निम्मा या कायद्याचा होता. बाकी निम्मा मात्र त्याचाच; तेच भाडे भरणाऱ्या इतर दुकानदारांनी कोणाला बसू दिले नव्हते. त्याच कायद्यामुळे घरमालकाला इमारतीच्या डागडुजीत रस उरला नाही, छते गळू लागली. पुढे जमिनीचे भाव असे चढले की कोपऱ्याचा हक्क सोडून मिळणारी रक्कम मालकाने जन्मभर चहा विकूनही कमावली नसती. ज्यांनी हक्क सोडला नाही त्यांच्यापैकी काहींनी परमिट रूम काढली. तिथे माणूस बसतो, पण त्याचा प्रत्येक तास वसूल होतो.

पुण्याचा इराणी थोडा निराळा. कॅम्पातल्या कयानी बेकरीच्या (१९५५) श्रूसबरी बिस्किटांसाठी लोक रांग लावतात, पण तिथे बसता येत नाही, म्हणून या नोंदीत तिला एवढीच जागा. व्होहुमन चीज ऑमलेटसाठी प्रसिद्ध. डेक्कनवर लकी आणि गुडलक असे दोन होते. लकी गेले. त्याच्याविषयी बोलताना सत्तरी गाठलेले गृहस्थ आजही हात करून जागा दाखवतात, कारण दाखवायला दुसरे काही उरलेले नाही. १९३५ चे गुडलक चालू आहे. विद्यार्थी, नाटकवाले आणि सकाळी फिरून आलेले पेन्शनर यांच्यामुळे रविवारी तिथे टेबलासाठी थांबावे लागते, आणि थांबलेल्यांच्या नजरेखाली फार वेळ बसवत नाही. हॉटेलाच्या नावावरून समोरच्या चौकाला गुडलक चौक म्हणतात. रिक्षावाल्याला दुसरे नाव सांगून पाहावे.

अलीकडे इराणीच्या नकला निघाल्या. लंडनमधले डिशूम २०१० पासून मुंबईच्या इराण्यांच्या नमुन्यावर सजवलेले आहे, आणि देशातही मॉलमध्ये वाकवलेल्या खुर्च्या, चौकड्यांची फरशी आणि मुद्दाम रंगवलेल्या पाट्या दिसतात. खिमा चांगला असतो. फक्त तिथल्या पाटीवर ‘जास्त वेळ बसू नये’ लिहिलेले असते ते गमतीने, आणि बिल येते ते उठण्यासाठी.

मूळ हॉटेलांपुढचा ताजा प्रश्न भट्टीचा आहे. हवेच्या प्रदूषणामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हवेच्या बाजूने पाहता आदेशात खोट काढता येत नाही. पण भट्टीवाले म्हणतात की ब्रूनला लाकडाचीच आच लागते, गॅसवर कवच धरते पण तडकत नाही. हे खरे की सवयीचे बोलणे, ते सुरी घातल्यावर येणाऱ्या आवाजावरून कळेल.