लाइव्ह बँडवालं हिप-हॉप: द रूट्सच्या आधी आणि नंतर

द रूट्स, म्हणजे फिलाडेल्फियाचा स्वतः वाद्यं वाजवणारा रॅप बँड, त्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, बँड घेऊन रॅप हे काही खरं हिप-हॉप नाही, खरं म्हणजे दोन टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवायची यंत्रं) आणि एक माइक. अर्धं बरोबर आहे. पण मुळात रॅपची स्वतःची रेकॉर्ड निघतच नव्हती, जे काही होतं ते समोरासमोर. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यूच्या बिल्डिंगमधल्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेलनं पार्टी ठेवली, शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, मुलींना 25 सेंट, मुलांना 50, आणि डीजे तिचाच भाऊ, कूल हर्क. गाण्यात नुसते ड्रम उरतात त्या ब्रेकला लोक सगळ्यात जास्त नाचतात हे त्यानं हेरलं, मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड लावून तोच तुकडा लांबवत न्यायचा. पुढची काही वर्षं हे असंच, फार तर पार्टीच्या कॅसेट हातोहात फिरायच्या.

1979 ला निर्माती सिल्व्हिया रॉबिन्सननं शुगरहिल गँगचं ‘रॅपर्स डिलाइट’ काढलं आणि गंमत बघा, त्यात बीट वाजवणारा डीजे नाहीच, स्टुडिओतल्या वादकांनी शीक या डिस्को बँडच्या ‘गुड टाइम्स’ची बेसलाइन परत वाजवलीय. म्हणजे रॅपचं पहिलं मोठं हिटच बँडवालं! बँड मागे पडला तो रन-डीएमसीच्या ड्रम मशीननंतर, मग जुन्या रेकॉर्डचे तुकडे (सॅम्पल) उचलून परत वाजवणारे सॅम्पलर आले, आणि अल्बम बघायला गेलं तर तोच सोन्याचा काळ, पब्लिक एनिमी, वू-टँग, नासचा ‘इलमॅटिक’, यावर वाद नको. पण स्टेजवर बरेचदा आनंदच, मागे ट्रॅक वाजतोय, त्यात स्वतःचाच आवाज, आणि वर चार मित्र माइक घेऊन ओरडतायत.

अपवाद होते. 1991 ला एमटीव्हीच्या अनप्लग्ड या लाइव्ह वाद्यांच्या कार्यक्रमात रॅपर एलएल कूल जे शर्ट न घालता बँडसमोर उभा राहिला, काखेत डिओडरंटचे पांढरे गोळे स्पष्ट दिसतायत, लोक अजून हसतात, पण त्या परफॉर्मन्सची ताकद बघा एकदा.

फिलाडेल्फियात मात्र हे एकदाचं नव्हतं, रोजचं होतं. रूट्सचा ड्रमर क्वेस्टलव्ह आणि रॅपर ब्लॅक थॉट आर्ट्सच्या हायस्कूलमध्ये भेटले, साउथ स्ट्रीटवर फुटपाथवर वाजवायचे. क्वेस्टलव्हचे वडील ली अँड्र्यूज म्हणजे डू-वॉपवाले (पन्नासच्या दशकातलं गटानं गायचं गाणं), पोरगा लहानपणीच त्यांच्या शोमध्ये ड्रमवर. 1993 चा ‘ऑर्गॅनिक्स’ हा अल्बम रूट्सनी स्वतःच काढला, मग 1999 ला ‘थिंग्ज फॉल अपार्ट’, नाव चिनुआ अचेबेंच्या कादंबरीवरून. त्यातल्या ‘यू गॉट मी’चं हूक, म्हणजे परत परत येणारी गायलेली ओळ, जिल स्कॉटनं लिहिलेलं, पण तेव्हा तिला कोण ओळखत होतं, रेकॉर्ड कंपनीला नाव असलेलं माणूस हवं म्हणून गायिका एरिका बाडू आली, आणि गाण्याला ग्रॅमी मिळालं.

1999 मध्येच न्यूयॉर्क आणि झुरिकच्या शोंमधून ‘द रूट्स कम अलाइव्ह’ हा लाइव्ह अल्बम आला आणि इथे तेच गाणं जिल स्कॉट स्वतः गाते. ऐका, ती ओळ संपवायची घाईच करत नाही, ताणत नेते, बँड तिच्यासाठी थांबतो, खाली आवाज कमी करतो, मग परत चढतो. सॅम्पल थांबत नाही ना कुणासाठी. म्हणूनच मला हा अल्बम स्टुडिओवाल्यापेक्षा वरचा वाटतो, शिव्या घाला.

2001 च्या नोव्हेंबरमध्ये जे-झीनं अनप्लग्ड केलं तेव्हा मागे हाच बँड, त्याचा अल्बमही डिसेंबरमध्ये आला. नंतर मोठ्या रॅपरनं टूरला ड्रमर आणि बेसिस्ट नेणं यात कुणाला नवल राहिलं नाही. 2009 पासून रूट्स जिमी फॅलनच्या रात्रीच्या टीव्ही शोचा घरचा बँड आहेत, नोकरी पक्की पण नवीन अल्बम 2014 नंतर नाही, ही माझी एकच तक्रार.