विंडोजच्या जागी उभी राहणारी वाइन

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि दिवाळीच्या तोंडावर साताऱ्याहून मामाचा फोन आला. त्याच्या छापखान्याच्या काउंटरवरचा लॅपटॉप २०१६ चा, प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचा लागतो. "अरे, मशीन धडधाकट आहे. भंगारात कशाला घालू?" हा त्याचा प्रश्न मला शंभर टक्के पटला. जाऊन विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. ब्राउझर, प्रिंटर, मराठी टायपिंग, सगळं दुपारपर्यंत लागी लागलं. मग मामा म्हणाला, "आणि माझं बिलाचं?"

बिलाचं म्हणजे वीसेक वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने बनवून दिलेला विंडोजचा छोटा प्रोग्रॅम. तो मुलगा आता कुठे असतो कोणालाच ठाऊक नाही. प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे त्याने लिहिलेली मूळ संहिता, तर नाहीच. छापखान्यात बसलेल्या दोघांनी लगेच निकाल दिला. एक म्हणाला, लिनक्सवर विंडोजचं काही चालत नाही. दुसरा म्हणाला, चालतं, पण एम्युलेटरमधून, म्हणजे आख्ख्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, त्यामुळे रडत रडत चालतं. हे दोन्ही समज मी इतक्या ठिकाणी ऐकले आहेत की आज त्यांच्यावर, आणि लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइन या सॉफ्टवेअरवर, सविस्तर लिहायचंच असं ठरवलं.

आधी एक गोष्ट पक्की करू. प्रोग्रॅम विंडोजवर चालत नाही, तो प्रोसेसरवर चालतो. बेरीज करा, हा आकडा तिकडे ठेवा, मोठा असेल तर अमुक ठिकाणी उडी मारा, या सूचना थेट प्रोसेसरला असतात. मामाच्या लॅपटॉपमधला प्रोसेसर विंडोज असताना जो होता, तोच मिंट टाकल्यावरही आहे. त्याला या सूचना जशाच्या तशा कळतात. म्हणजे भाषांतर करायला तिथे काही नाहीच. मग अडतं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे फाइलचं बाड. विंडोजचा प्रोग्रॅम ज्या फाइलीत असतो ती ईएक्सई फाइल 'एमझेड' या दोन अक्षरांनी सुरू होते. मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याची ही आद्याक्षरं, डॉसच्या काळापासून प्रत्येक ईएक्सईच्या कपाळावर आहेत. लिनक्सच्या प्रोग्रॅमची सुरुवात वेगळी असते, त्यात 'ईएलएफ' अशी अक्षरं असतात. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, एमझेड दिसलं की तो सांगतो, हा माझ्या ओळखीचा प्रकार नाही. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एक्झेक फॉरमॅट एरर' उमटतं ते यामुळे.

दुसरी अडचण मोठी आहे. प्रोग्रॅम स्वतः एकही फाइल उघडू शकत नाही, पडद्यावर खिडकी काढू शकत नाही, प्रिंटरला हात लावू शकत नाही. त्यासाठी तो विंडोजकडे मागणी करतो. अशा मागण्या हजारो प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीला ठरलेलं नाव असतं. त्या पुरवणारं सामान डीएलएल नावाच्या फाइलींत असतं. ईएक्सईच्या आत एक यादीच असते: मला अमुक डीएलएलमधलं अमुक फंक्शन लागेल.

आता मराठी रंगभूमीवरची 'रिप्लेसमेंट' आठवा. मूळ नट आजारी पडला, दुसरा उभा राहिला. समोरच्या नटाला काय हवं असतं? आपलं वाक्य संपलं की ठरलेलं वाक्य, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या सुरात परत यायला हवं. तेवढं झालं की नाटक पुढे सरकतं. वाइन हे सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. ते ईएक्सई मेमरीत मांडतं, तिची यादी वाचतं आणि प्रत्येक नावासमोर मायक्रोसॉफ्टच्या डीएलएलऐवजी स्वतः नव्याने लिहिलेली त्याच नावाची डीएलएल उभी करतं. 'वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर' हे या नावाचं पूर्ण रूप आहे आणि ते शब्दशः खरं आहे. एम्युलेटर किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका नटासाठी नाट्यगृहाच्या आत दुसरं नाट्यगृह बांधणं. वाइन फक्त एक नट बदलते.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते ती फाइल उघडण्याची मागणी, म्हणून तिचा माग काढू. मामाच्या प्रोग्रॅमला दरपत्रक हवं आहे. तो म्हणतो: सी ड्राइव्ह, 'बिल' फोल्डर, 'रेट डॅट' फाइल, उघडून दे.

लिनक्समध्ये सी ड्राइव्ह नावाची वस्तूच नाही. वाइन प्रत्येक वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये 'डॉट वाइन' नावाचा लपलेला फोल्डर बनवते. मिंटमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की तो दिसतो. त्यात 'ड्राइव्ह सी' नावाचा साधा फोल्डर असतो आणि प्रोग्रॅमला तोच सी ड्राइव्ह म्हणून दाखवला जातो. विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या सेटिंगांची नोंदवही, तीही तिथेच, साध्या टेक्स्ट फाइलींत. नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडून वाचता येते, हे मला अजूनही अप्रूपाचं वाटतं.

पुढची अडचण लहान-मोठ्या लिपीची. प्रोग्रॅमने फाइल बनवताना नाव सगळं कॅपिटलमध्ये दिलं होतं आणि मागताना फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. विंडोजला दोन्ही सारखीच. लिनक्सच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फाइली, त्यातली एक अस्तित्वातच नाही. मग वाइन आधी नेमकं नाव शोधते, नाही मिळालं तर अख्खा फोल्डर चाळून लिपीभेद सोडून जुळणारं नाव काढते. हे मार्गातल्या प्रत्येक फोल्डरच्या नावासाठी.

फाइल सापडली, तरी लगेच उघडून चालत नाही. विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम "मी उघडली आहे तोवर दुसऱ्या कोणाला देऊ नको" असं सांगू शकतो. लिनक्स एरवी अशी अट पाळत नाही, दोघांनी एकच फाइल उघडली तरी त्याची तक्रार नसते. बिलांच्या बाबतीत हे घातक, दोन खिडक्यांतून एकाच वहीत लिहिलं तर हिशेबाचा चुथडा होईल. म्हणून वाइनचा एक स्वतंत्र कारभारी मागे चालू असतो, त्याचं नाव वाइनसर्व्हर. कोणी कोणती फाइल कोणत्या अटीवर घेतली, कोण कोणाची वाट बघतंय, याची खतावणी तो ठेवतो. अट बसत असेल तर तो लिनक्सकडून फाइल उघडून घेतो आणि प्रोग्रॅमच्या हाती एक क्रमांक ठेवतो, ज्याला विंडोजमध्ये हँडल म्हणतात. दरपत्रक पडद्यावर येतं. मामाला यातलं काही दिसत नाही आणि प्रोग्रॅमलाही कळत नाही.

याहून खोल एक थर आहे. प्रोसेसरमध्ये रजिस्टर नावाचे मोजके कप्पे असतात. फंक्शनला हाक मारताना माहिती कोणत्या कप्प्यात ठेवायची याचे दोन घरांचे दोन रिवाज आहेत. ६४-बिट विंडोजमध्ये पहिल्या चार गोष्टी आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ या कप्प्यांत जातात. लिनक्समध्ये क्रम आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स असा, आणि मग आर८, आर९. म्हणजे विंडोजचा प्रोग्रॅम जी पहिली गोष्ट आरसीएक्समध्ये ठेवतो, ती लिनक्सच्या फंक्शनला चौथी वाटेल. म्हणून वाइनची पुढे दिसणारी फंक्शनं विंडोजच्या रिवाजाने वागतात आणि आत लिनक्सशी बोलायची वेळ आली की कप्पे बदलतात. (मामाचा प्रोग्रॅम ३२-बिट असल्याने तिथे माहिती बहुतेक वेळा कप्प्यांऐवजी स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या एका ठरलेल्या थप्पीवर, जाते. त्याचं गणित निराळं, पण तत्त्व हेच.) 'लाँग' प्रकारचा आकडा ६४-बिट विंडोजमध्ये ३२ बिटांचा आणि लिनक्समध्ये ६४ बिटांचा असतो, ही त्यातली आणखी एक खाच. एका जागी चूक झाली तर प्रोग्रॅम कोसळतो.

हे काम १९९३ मध्ये बॉब ॲमस्टॅड यांच्या पुढाकाराने सुरू झालं. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार त्याचं नेतृत्व करतात. १.० ही आवृत्ती आली जून २००८ मध्ये, पंधरा वर्षांनी. इतका वेळ का, तर या रिप्लेसमेंट नटाला मूळ नटाची संहिता बघायची परवानगी नाही. मायक्रोसॉफ्टचा सोर्स कोड पाहिलेल्या माणसाचा कोड वाइन घेत नाही. मग छोटे छोटे चाचणी-प्रोग्रॅम लिहायचे, ते खऱ्या विंडोजवर चालवायचे, उत्तर काय येतं ते टिपायचं आणि तसंच उत्तर देणारं स्वतःचं फंक्शन लिहायचं. प्रेक्षकांत बसून, पुन्हा पुन्हा ऐकून भूमिका बसवण्यासारखं. विंडोजमधल्या चुकाही तशाच उचलाव्या लागतात, कारण कित्येक प्रोग्रॅम त्या चुका गृहीत धरून लिहिलेले आहेत.

मराठी वाचकाला त्यातला एक कोपरा आवर्जून दाखवायचा आहे. 'कि' लिहिताना मेमरीत आधी क असतो आणि मागून वेलांटी, पण पडद्यावर वेलांटी आधी यावी लागते. 'र्क'मधला रफार उलट, आधी टंकलेला, शेवटी डोक्यावर चढलेला. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब नावाचं डीएलएल करतं. वाइनने तेही स्वतः लिहिलं आहे. त्यात देवनागरीच्या अक्षरांचा क्रम लावणारा कोड आहे, त्या नावानिशी. जगाच्या कुठल्याशा टोकाला बसून कोणीतरी आपल्या रफाराचा विचार केला, हे वाचून मला भरून आलं होतं.

गेमवाल्यांनी वाइनला अलीकडे मोठं बळ दिलं. व्हॉल्व्ह या गेमच्या कंपनीने २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवण्यासाठी वाइनवर आधारलेलं प्रोटॉन आणलं आणि २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारं, हातात धरून खेळायचं स्टीम डेक. विंडोजचे बरेच गेम डायरेक्टथ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत ग्राफिक्स मागतात, डीएक्सव्हीके नावाचं सॉफ्टवेअर ती मागणी व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या भाषेत बदलून देतं.

दोन गोष्टी मात्र ठासून सांगतो. "लिनक्सला व्हायरस लागत नाही" ही अंधश्रद्धा आहे आणि वाइन टाकल्यावर ती धोकादायक अंधश्रद्धा होते. जी यंत्रणा विंडोजचा प्रोग्रॅम चालवते ती विंडोजचा व्हायरसही चालवू शकते. वाइन मुळात झेड नावाच्या ड्राइव्हमधून तुमची सगळी फाइलव्यवस्था प्रोग्रॅमला दाखवते, म्हणजे तुमची कागदपत्रं त्याच्या आवाक्यात असतात. मेलमधून आलेली अनोळखी ईएक्सई लिनक्सवरही उघडू नका. दुसरं, "एका क्लिकमध्ये सगळी विंडोज सॉफ्टवेअर लिनक्सवर" अशी शीर्षकं देणाऱ्या व्हिडिओंवर विसंबू नका. वाइन प्रोग्रॅमच्या मागण्या पुरवते, पण विंडोजच्या कर्नलमध्ये शिरून बसणारे ड्रायव्हर तिला सहसा चालवता येत नाहीत. कर्नलमध्ये बसणारं अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, असलेले ऑनलाइन गेम म्हणूनच अडतात.

मामाचंही तिथेच अडलं. बिलाचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात उघडला, दरपत्रकासकट. पण आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपवरचं डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय सुरू होत नाही आणि डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलचा. तो डेस्कटॉप आम्ही तसाच ठेवला, फक्त इंटरनेटची तार काढून घेतली. लग्नपत्रिका आत जुळतात, पीडीएफ पेनड्राइव्हवरून बाहेर येतो, मिंटवरून छपाईला जातो आणि बिल वाइनमधून निघतं. पहिलं बिल निघालं तेव्हा मामाने ते नीट वाचलं, बेरीज कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिली आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिलं.