मोहिनीपासून शेवंतापर्यंत

संध्याकाळच्या मालिकेतली सून उद्या भयपटात झपाटलेली बाई होते आणि परवा दुसऱ्या मालिकेत खलनायिका म्हणून परतते, याची आता आपल्याला सवय झाली आहे. अपूर्वा नेमळेकर हे त्याचं अगदी जवळचं उदाहरण. ‘आभास हा’मधून ती घराघरात पोचली, २०१९मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या पर्वात शेवंता झाली आणि पुढे ‘प्रेमाची गोष्ट’मध्ये सावनी म्हणून दिसली. कौटुंबिक मालिका आणि भयकथा ही दोन वेगळी दुकानं असल्यासारखं आपण बोलतो, पण तिथे काम करणाऱ्या बाईसाठी ती एकच वाट आहे. या वाटेचा उगम शोधायचा तर नाशिकला यावं लागतं.

‘राजा हरिश्चंद्र’ चालला आणि १९१३मध्ये दादासाहेब फाळके यांनी मुंबईचा मुक्काम हलवून नाशिकला बस्तान मांडलं. ते मूळचे त्र्यंबकेश्वरचे, त्यामुळे हा भाग त्यांच्या ओळखीचाच होता. पहिल्या चित्रपटात तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसावं लागलं होतं. नाशिकला आल्यावर ‘मोहिनी भस्मासुर’साठी मात्र दोन बायका कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. रघुनाथराव गोखले यांच्या चित्ताकर्षक नाटक कंपनीतल्या दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. कमलाचा जन्म १९००चा, म्हणजे मोहिनीचं वय जेमतेम तेरा. जानेवारी १९१४मध्ये मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये हा चित्रपट लागला.

भारतीय पडद्यावरच्या या पहिल्या स्त्रिया, एवढंच आपण शाळेत शिकतो आणि पुढे जातो. मला त्या गोष्टीतलं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म, असा वर मिळवलेला असुर समोर आहे. मोहिनीकडे शस्त्र नाही. ती नाचते, तो तिची नक्कल करत जातो, नाचता नाचता ती स्वतःच्या डोक्यावर हात ठेवते, तोही ठेवतो आणि जळून जातो. मूकपट असल्यामुळे संवाद नाहीत, ध्वनिमुद्रित पार्श्वसंगीत नाही. असुर किती भयंकर आहे आणि आता काय होणार आहे, हे सगळं एका मुलीच्या नजरेतून आणि हातातून प्रेक्षकापर्यंत पोचायचं होतं. तो चित्रपट आज आपल्याला पाहता येत नाही, ही हळहळ कायम राहील.

नाशिकच्या प्रेक्षकाला असुर नवा नव्हता. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या भागांत बोहाडा हा मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव आजही होतो. संबळ आणि पिपाणीच्या तालावर देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात, त्राटिकाही येते. पण ती सोंगं पुरुष नाचवतात आणि भीती असते ती मुखवट्याची. फाळक्यांच्या कॅमेऱ्यानं ती जबाबदारी उघड्या चेहऱ्यावर आणली, आणि तो चेहरा बाईचा होता. पडद्यावरच्या भयाचा पुढचा सगळा प्रवास याच चेहऱ्यावर उभा आहे, असं मी मानतो.

कमलाबाईंचं आयुष्य सोपं नव्हतं. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. त्या काळी एकट्या बाईला इज्जतीनं पोट भरायचे मार्ग फार नव्हते, आणि रंगभूमीवर उभी राहिलेली बाई लोकांच्या तोंडी लागायचीच. कमलाबाई लहानपणापासून नाटकात. पुढे रघुनाथरावांशी लग्न झालं, पण पंचविशीत वैधव्य आलं. पदरात मुलं होती. त्या काम करत राहिल्या, नाटकात पुरुषांच्या भूमिकाही केल्या, मूकपटांतून बोलपटांत आल्या. तीन मुलगे मोठे झाले. चंद्रकांत गोखले यांच्यासारखा नट घरातच घडला, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. चंद्रकांतांचे चिरंजीव विक्रम गोखले. दिग्दर्शिका रीना मोहन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कमलाबाईंवर माहितीपट केला. नाशिकमधल्या प्रत्येक नाट्यशिबिरात तो दाखवायला हवा, कारण ‘पहिली अभिनेत्री’ या बिरुदामागची रोजची मेहनत त्यात तिच्याच तोंडून ऐकायला मिळते.

कमलाबाईंचा शेवटचा चित्रपट ‘गहराई’, सन १९८०. तो भयपट आहे. असुराला भस्म करणाऱ्या मोहिनीपासून सुरू झालेली कारकीर्द झपाटलेल्या मुलीच्या गोष्टीत येऊन थांबली, हा योगायोग असला तरी मला त्यात एक सलग रेघ दिसते.

मधली वर्षं भराभर सांगता येतात. १९४९चा ‘महल’, मग साठच्या दशकातले ‘बीस साल बाद’ आणि ‘वो कौन थी’. पांढरी साडी, धुकं, गाणं. तिथली बाई गूढ असायची, भीषण नव्हे. १९७२च्या ‘दो गज ज़मीन के नीचे’पासून रामसे बंधूंनी थोड्या पैशात आणि थोड्या दिवसांत चित्रपट काढायचा धडाका लावला. १९८४चा ‘पुराना मंदिर’ तुफान चालला, छोट्या गावांतल्या थिएटरांनी ते चित्रपट डोक्यावर घेतले. पण या नायिकांना ‘हॉररवाली’ असा शिक्का बसला आणि मोठ्या निर्मात्यांची दारं बंद झाली. पडदाभर किंकाळी फोडणाऱ्या बाईला अभिनय येतो, हे कुणी मोजलंच नाही. हा अन्याय होता.

‘गहराई’ त्याच सुमाराचा असूनही वेगळा. अरुणा राजे आणि विकास देसाई यांचं दिग्दर्शन, लेखनात विजय तेंडुलकर, पडद्यावर श्रीराम लागू, इंद्राणी मुखर्जी, अनंत नाग. वडिलोपार्जित जमीन विकणाऱ्या बापाचं जुनं पाप मुलीच्या अंगात येऊन बोलतं. ही मुलगी पद्मिनी कोल्हापुरे, वय चौदा-पंधरा. मेकअपचा भडिमार नाही. शाळकरी मुलगी बापाकडे अनोळखी माणसासारखी बघते आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअरचं नामांकन मिळालं. त्याच पद्मिनीला २०१३मध्ये ‘एक नई पहचान’ या हिंदी मालिकेत सासूच्या भूमिकेत प्रेक्षकांनी पाहिलं.

टीव्हीवर १९९३मध्ये ‘झी हॉरर शो’ आला, १९९५मध्ये ‘आहट’. त्याच १९९५मध्ये ‘हम पाँच’ सुरू झाली आणि त्यातल्या पाच मुलींपैकी एकीची भूमिका पुढे विद्या बालननं केली. २००७मध्ये ‘भूल भुलैया’तली तिची मंजुलिका पाहताना लोकांना धडकी भरली. त्याच चित्रपटात आचार्यांच्या भूमिकेत विक्रम गोखले आहेत, कमलाबाईंचे नातू. मूळ मल्याळम चित्रपट १९९३चा. त्यातल्या कामासाठी शोभना यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. २००३च्या ‘भूत’साठी ऊर्मिला मातोंडकरला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. म्हणजे कौतुक झालं, पण तुरळक आणि उशिरा.

रोजच्या मालिकेचं काम भयपटाला कसं उपयोगी पडतं, हे समजून घेण्यासारखं आहे. मालिकेत कॅमेरा पुन्हा पुन्हा चेहऱ्यावर जातो. कुणीतरी दारात उभं आहे, आणि ते बघणाऱ्या बाईचा क्लोजअप लांबत राहतो. दारात कोण आहे ते अजून दिसलेलंही नसतं. भयपटात भीती अशीच तयार होते. भूत दिसण्याआधी भूत बघणारी दिसते आणि प्रेक्षक तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून घाबरतो. वर्षानुवर्षं रोज हे काम केलेल्या अभिनेत्रीला ते ऐनवेळी शिकवावं लागत नाही.

शेवंता याच तालमीतून आली. सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’च्या पहिल्या पर्वात, २०१६मध्ये, नाईकांच्या घरातले कर्ते अण्णा गेल्यानंतरची गोष्ट होती. दुसऱ्या पर्वात काळ मागे गेला आणि पाटणकरांची बायको शेवंता अण्णा नाईकांच्या आयुष्यात शिरली. गजरा, ठसठशीत कुंकू, डोळ्यांत आर्जव आणि हिशोब दोन्ही. प्रेक्षकांना तिची भीती वाटण्याआधी तिची ओढ वाटली. तिची फसवणूक होताना त्यांनी बघितली, म्हणून नंतरची शेवंता मनात रुतून बसली. समोर शकुंतला नरे यांनी अण्णांच्या बायकोचं, माईंचं सोसणं इतक्या अस्सल मालवणीत उभं केलं की घर खरं वाटलं. घर खरं वाटल्याशिवाय भीती खरी वाटत नाही.

२०१७च्या ‘लपाछपी’त उसाच्या फडातल्या एकाकी घरात पूजा सावंतची गरोदर नायिका अडकते, पण चित्रपट पेलतात उषा नाईक. त्यांची तुळसाबाई मायेनं जेवू घालते, पोटावरून हात फिरवते, आणि त्याच हाताची भीती वाटू लागते. मुलगी नको म्हणणाऱ्या समाजाची गोष्ट त्या एका बाईच्या वागण्यातून उलगडते. दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी २०२१मध्ये ‘छोरी’ नावानं हाच चित्रपट हिंदीत केला, तेव्हा ही भूमिका मीता वशिष्ठ यांच्याकडे गेली. ‘कहानी घर घर की’मधली तृष्णा म्हणून मालिकांच्या प्रेक्षकाला त्या आधीपासून माहीत होत्या.