एमजीबी भारी की स्विफ्ट? घाटातला खुलासा

गणपतीला चाकरमानी चिपळुणात आले की हा वाद ठरलेला, एमजीबी म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी, अस्सल स्पोर्ट्स कार, स्विफ्टसारखं डबडं तिच्या धुरळ्यातपण दिसायचं नाही म्हणे. अहो, आकडे तरी बघा. 1962 च्या एमजीबीला 1798 सीसीचं इंजिन, ताकद साधारण 95 एचपी. 2021 ची स्विफ्ट 1197 सीसीत 90 च्या जवळ जाते, वजन दोघींचं 900 किलोच्या आसपास, मग ताशी शंभर किमीचा वेग गाठायला दोघींनाही बाराएक सेकंद लागतात यात नवल काय?

खरी गंमत पावसात कुंभार्ली घाटात. सुरुवातीच्या एमजीबीत पहिल्या गियरला सिंक्रोच (गियर टाकताना दात्यांचा वेग जुळवणारी सोय) नाही, त्यामुळे चढावरच्या वळणात गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय पहिला टाकायला गेलात तर कर्रकन दात वाजणार. मागे पाट्यांची स्प्रिंग, रस्ता खडबडीत असला की मागचा भाग उडतो. ब्रेक दोघींनाही पुढे डिस्क, मागे ड्रम, पण स्विफ्टला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे आणि शेवाळलेल्या वळणावर तेच कामाला येतं.

एमजीबी दिसायला देखणी, वादच नाही. छप्पर उघडं, सीट पार खाली, त्यामुळे साठचा स्पीडपण शंभर वाटतो. माझ्या मते गैरसमज तिथूनच सुरू झालाय.