दहा वर्षे टिकणारा मीटर आणि बदलत्या मोबाईल पिढ्या

मोबाईलच्या प्रत्येक नव्या पिढीची ओळख करून दिली जाते ती वेगाच्या आकड्यांनी. आज मात्र टॉवरशी संपर्क साधणाऱ्यांत केवळ माणसे राहिलेली नाहीत. विजेचे मीटर, बसमधील स्थानदर्शक यंत्रे, दुकानात पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारे यूपीआयचे साउंडबॉक्स, शेतपंपांचे नियंत्रक अशी असंख्य उपकरणे याच जाळ्यावर अवलंबून आहेत. त्यांची संख्या एवढी वाढत गेली, की भारताच्या दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये यंत्रांच्या सिमकार्डांसाठी १३ आकडी क्रमांकांची वेगळी व्यवस्था केली. यांपैकी बहुतेक उपकरणांना वेगाचे फारसे अप्रूप नसते. किती कमी विजेत काम भागते, तळघरातून सिग्नल बाहेर पडतो का आणि आपल्या आयुष्यभर हे जाळे चालू राहील का, हे त्यांचे प्रश्न आहेत. माझ्या मते मोबाईल पिढ्यांची खरी कसोटी या प्रश्नांवर लागते.

यंत्रे मोबाईल जाळ्यावर मोठ्या संख्येने आली ती दुसऱ्या पिढीत, म्हणजे २जीमध्ये. जीपीआरएस या २जीवरील माहितीसेवेमुळे थोडीशी माहिती पाकिटांच्या रूपात पाठवता येऊ लागली, उपकरणाला जाळ्याशी जोडणारे मोडेम स्वस्त झाले आणि ९०० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरत होत्या. ३जीने यंत्रांना वेग दिला, पण त्यांच्या मुख्य अडचणी तशाच राहिल्या. ४जीचे पहिले मानक २००८ च्या सुमारास ठरले तेव्हाच त्यात ‘कॅट-१’ हा सेकंदाला १० मेगाबिटपर्यंतचा साधा वर्ग होता आणि पुढे त्याची एकाच अँटेनावर चालणारी स्वस्त आवृत्तीही आली. भारतात २५ कोटी स्मार्ट वीजमीटर बसवण्याचे उद्दिष्ट आहे, आणि त्यांपैकी अनेकांत ४जीचा मोडेम असून ४जी न मिळाल्यास तो २जीवर उतरतो. वीजमीटरला वीज हाताशीच असते, त्यामुळे त्याचे यात भागते. पाण्याच्या मीटरचे तसे नाही. तो अनेकदा जमिनीखालच्या खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली असतो आणि त्याला केवळ स्वतःच्या बॅटरीवर वर्षानुवर्षे जगायचे असते.

अशा उपकरणांसाठी थ्रीजीपीपी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये आपल्या तेराव्या आवृत्तीत एनबी-आयओटी आणि एलटीई-एम ही दोन तंत्रे आणली. एनबी-आयओटीपुढे ठेवलेले उद्दिष्ट असे होते, की ५ वॉट-तासांच्या बॅटरीवर उपकरण दहा वर्षे चालावे आणि जीपीआरएसच्या तुलनेत २० डेसिबल अधिक, म्हणजे शंभरपट क्षीण झालेला सिग्नलही पकडता यावा. यातील पहिली अट किती कठोर आहे, ते साध्या हिशेबाने कळते. आजच्या स्मार्टफोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा असते आणि ती दीड-दोन दिवसांत संपते. ५ वॉट-तास दहा वर्षांच्या ८७,६०० तासांत वाटले, तर सरासरी ५७ मायक्रोवॉट हाती येतात. प्रक्षेपणाची कमाल शक्ती २०० मिलिवॉट धरली आणि यंत्र शंभर टक्के कार्यक्षम मानले, तरी त्याला दिवसाकाठी जेमतेम २५ सेकंद बोलता येईल. प्रत्यक्षातील कार्यक्षमता याहून बरीच कमी असल्यामुळे मिळणारा वेळही आणखी कमी होतो.

एवढ्या तुटपुंज्या शक्तीत शंभरपट क्षीण सिग्नल टिकवण्याचा मार्ग वेगाचा त्याग करण्यात सापडला. रेडिओ ग्राहकयंत्रात शिरणारा नैसर्गिक गोंगाट लहरपट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो. पट्टा जितका अरुंद, तितका गोंगाट कमी. २जीच्या जीएसएम तंत्राचा पट्टा २०० किलोहर्ट्झचा होता, तर एनबी-आयओटीमधील उपकरण गरज पडल्यास आपली सारी शक्ती ३.७५ किलोहर्ट्झच्या बारीकशा पट्टीत एकवटते. त्याशिवाय तोच निरोप ते पुन्हा पुन्हा पाठवते: उपकरणाकडून टॉवरकडे १२८ वेळांपर्यंत आणि टॉवरकडून उपकरणाकडे २०४८ वेळांपर्यंत. प्रत्येक आवृत्तीत निरोप तोच असतो, मात्र गोंगाट दर वेळी निराळा असतो; त्यामुळे त्यांची बेरीज केली की निरोप उठून दिसतो. वाऱ्याच्या दिवशी नदीपलीकडच्या माणसाला आपण एकेक शब्द सावकाश आणि अनेकदा हाक मारून सांगतो, तसेच हे आहे. अगदी खोलवरच्या ठिकाणी सेकंदाला १६० बिट मिळाले तरी पुरे, असे मानक ठरवताना धरले गेले होते. मीटरचा आकडा पाठवायला तेवढे खरोखरच पुरते. शिवाय या तंत्राला ४जीच्या पट्ट्यातील १८० किलोहर्ट्झचा एक लहानसा ठोकळा पुरत असल्याने अनेक ठिकाणी नवे टॉवर न उभारता जुन्याच यंत्रणेत ते सामावता येते.

बॅटरी वाचवण्याचा दुसरा आणि कदाचित अधिक महत्त्वाचा उपाय म्हणजे झोप. आपला फोन खिशात गप्प असतानाही एक-दोन सेकंदांच्या अंतराने जागा होऊन ‘माझ्यासाठी काही आहे का’ हे टॉवरकडून ऐकत असतो, म्हणूनच त्याला केव्हाही फोन लागतो. एनबी-आयओटीमध्ये हे अंतर जवळपास तीन तासांपर्यंत वाढवता येते. त्याहून गाढ झोपेची ‘पॉवर सेव्हिंग मोड’ ही सोय असून तीत उपकरण रेडिओ जवळजवळ पूर्ण बंद करते, पण जाळे त्याची नोंद पुसत नाही. त्यामुळे जाग आल्यावर सुरुवातीपासून ओळख पटवण्याचा खर्च वाचतो. मानकानुसार ही झोप ४१३ दिवसांपर्यंत लांबू शकते. याची किंमतही तितकीच स्पष्ट आहे. झोपलेल्या मीटरला बाहेरून उठवता येत नाही. जलवाहिनी फुटली म्हणून पाणीपुरवठा विभागाने झडप बंद करण्याचा आदेश पाठवला, तर उपकरण स्वतःहून जागे होईपर्यंत तो आदेश पडून राहतो. त्यामुळे कोणते उपकरण किती झोपवायचे हा निर्णय केवळ बॅटरी पाहून घेता येत नाही.

धावत्या वाहनांसाठी एनबी-आयओटी सोयीचे नाही, कारण संभाषण चालू असताना एका टॉवरवरून दुसऱ्यावर अलगद जाण्याची व्यवस्था त्याच्या मूळ रचनेत नाही. भारतात १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थानदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक झाले; अशा कामाला नेहमीचे ४जी किंवा एलटीई-एम योग्य ठरते. एलटीई-एममध्ये सेकंदाला १ मेगाबिटपर्यंत वेग मिळतो आणि आवाजी संभाषणही शक्य असते.

५जीच्या जाहिरातींत एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख उपकरणे, हा आकडा वारंवार येतो. तो खरा आहे, पण त्याची चाचणी प्रत्येक उपकरण दर दोन तासांनी ३२ बाइटांचा एक निरोप पाठवते असे धरून ठरवली आहे. आणखी लक्षणीय गोष्ट अशी, की ५जीने या कामासाठी निराळे रेडिओतंत्र घडवले नाही. ४जीच्या काळातील एनबी-आयओटी आणि एलटीई-एम हीच तंत्रे त्या कसोटीला उतरली आणि ५जीच्या कुटुंबात घेतली गेली. ५जीने स्वतः भर घातली ती दुसऱ्या टोकाला: कारखान्यातील यंत्रांसाठी रेडिओमार्गावर एक मिलिसेकंदाचा विलंब आणि ९९.९९९ टक्के खात्री. प्रकाश काचतंतूतून मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटरच जातो, त्यामुळे अशा यंत्रांचा संगणक दूरच्या शहरात ठेवून चालत नाही. या दोन टोकांच्या मधल्या कॅमेऱ्यांसाठी आणि मनगटावरच्या उपकरणांसाठी २०२२ च्या सतराव्या आवृत्तीत ‘रेडकॅप’ आले, ज्यात १०० ऐवजी २० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि कमी अँटेना पुरतात. त्याच आवृत्तीत एनबी-आयओटी उपग्रहावरून वापरण्याचे नियमही ठरले.

आयुष्याचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. साधारण दर दहा वर्षांनी नवी पिढी येते, लहरपट्टा मर्यादित असल्याने जुनी बंद करावी लागते, आणि माणूस फोन बदलतो तसा भिंतीतला मीटर कोणी सहज बदलत नाही. अमेरिकेत एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने २०१६ च्या अखेरीस २जी बंद केल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या अनेक बस येण्याच्या वेळा सांगणाऱ्या यंत्रणेतून दिसेनाशा झाल्या, कारण त्यांतील यंत्रे त्याच जाळ्यावर होती. खास यंत्रांसाठी बनवलेले तंत्रही सुरक्षित नाही: जपानच्या डोकोमोने २०१९ मध्ये सुरू केलेली एनबी-आयओटी सेवा दुसऱ्याच वर्षी थांबवली. ई-सिममुळे, म्हणजे उपकरणातच बसवलेल्या सिममुळे, आता दुरूनच सेवा देणारी कंपनी बदलता येते, पण मोडेमला न येणारे रेडिओतंत्र ई-सिम त्याला शिकवू शकत नाही. म्हणून मीटरांची मोठी खरेदी करणाऱ्या वीज आणि पाणीपुरवठा संस्थांनी मोडेमच्या किमतीइतकेच बारकाईने तो कोणत्या पिढ्यांवर चालेल आणि सेवा देणारी कंपनी ते जाळे कोणत्या वर्षापर्यंत चालू ठेवण्याची लेखी हमी देते, हे करारातच नोंदवून घेतले पाहिजे.